फोटोतला मागचा हिरवा रंग

आमच्या नाशिकच्या फोटो क्लबातल्या मंडळींना मी निघताना कबूल केलं होतं, की परत आल्यावर सविस्तर लिहीन. जुना आरशाचा कॅमेरा चांगला की नवा मिररलेस, आणि डहाणू-तलासरीच्या बाजूला जायचं तर कोणत्या प्राइम लेन्स बरोबर घ्याव्यात. प्राइम म्हणजे झूम न होणारी लेन्स. मागेपुढे व्हायचं ते आपणच आपल्या पायांनी.

त्याचं उत्तर आधीच देऊन टाकते. माझा आरशाचा कॅमेरा जड आहे, पण एका बॅटरीवर तीन दिवस चालला. माझे धाकटे दीर, शिरीष भावोजी, यांचा मिररलेस हलका आहे, माणसाचा डोळा स्वतःच शोधून काढतो, पण दुपारपर्यंत त्याचा जीव जातो. घरी येऊन दोघांचे फोटो शेजारी शेजारी लावून बघितले. फरक सांगायला मला भिंग घ्यावं लागलं. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी इथे थांबायला हरकत नाही. मीही एवढंच लिहायला बसले होते.

डहाणू

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते. सव्वीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले आहे. त्यामुळे काचेतलं मला कळतं असा माझा जरा गर्व आहे, आणि घरात सगळ्यांना तो माहीत आहे. माझ्याकडे पन्नास मिलिमीटरची एक आणि पंच्याऐंशीची एक अशा दोन प्राइम आहेत. जीव पंच्याऐंशीवर. पूर्ण उघडी ठेवली की समोरचा माणूस काय तो स्पष्ट येतो, आणि त्याच्या मागचं सगळं साईसारखं मऊ होऊन जातं. भावोजी यंदा निवृत्त झाले. त्यांनी नव्या कॅमेऱ्याबरोबर पस्तीसची लेन्स घेतली, जिच्यात अर्धं गाव मावतं.

जव्हारच्या घाटातून उतरून आम्ही दुपारी डहाणूला पोहोचलो. ओहोटी होती. समुद्र इतका आत गेला होता की किनारा संपतो कुठे ते समजेना. सुरूच्या झाडांपलीकडे वीज केंद्राची चिमणी. मी चिमणीकडे पाठ केली आणि ओल्या वाळूत शिंपल्या वेचणाऱ्या एका बाईंचे, त्यांना विचारून, सात-आठ फोटो काढले. भावोजींनी चिमणी, सुरू, बाई, तीन कुत्री आणि एक उलटी होडी असं सगळं एकाच फोटोत घेतलं.

संध्याकाळी चहा पिताना एकमेकांचे फोटो बघितले.

"वहिनी, तुमच्या फोटोत डहाणू कुठे आहे?" भावोजींनी विचारलं. "ही बाई अलिबागलाही अशीच दिसली असती."

"भावोजी, सगळंच दाखवायचं असेल तर नकाशा काढा," मी म्हटलं.

ते हसले. मला मात्र मनातून ते लागलं होतं. जेवायला ओल्या बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी होती. आम्ही बाजरीच्या भाकरीवर वाढलेली माणसं. ही पांढरी, लुसलुशीत भाकरी हातात घेतली की फाटेल अशी भीती वाटते. पण कालवणात ती अशी विरघळते की वाद घालायला तोंड मोकळं राहत नाही.

चिंचणी

दुसऱ्या दिवशी सकाळी चिंचणीला गेलो. किनाऱ्यावर बांबूंच्या आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले. दोन-दोनाच्या जोड्या, तोंडात तोंड अडकवून. खाली जुन्या जाळ्यांवर जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, पसरलेला. गाडीतून उतरल्या उतरल्या भावोजींचा एक पाय चिखलात घोट्यापर्यंत गेला आणि चप्पल तिथेच राहिली. ती काढायला ज्या बाई मदतीला आल्या, त्यांचेच मग आम्ही फोटो काढले. पन्नाशीच्या असतील. आवाज खणखणीत.

माझ्या कॅमेऱ्याचा आरसा वर जातो तेव्हा चांगला खट्ट आवाज होतो. प्रत्येक आवाजाला बाई म्हणायच्या, "काढलास गो?" आणि पदर सारखा करायच्या. भावोजींचा कॅमेरा मुका. त्यांनी अकरा फोटो काढले तरी बाईंना पत्ता नाही. दाखवले तेव्हा त्या चिडल्या.

"ह्याच्या मशीनला आवाजच नाय. मग आमाला कसा कळल, कधी काढतोय ते?"

भावोजी ओशाळले. त्यांनी तिथेच उभ्याने कॅमेऱ्याचा मेनू उघडून नकली खट्ट आवाज चालू केला. मिररलेसची तारीफ करणाऱ्या कोणीही मला ही गोष्ट आधी सांगितली नव्हती.

मग बाईंनी माझा फोटो बघायला मागितला. मी ऐटीत दाखवला. चेहऱ्यावरची एकेक सुरकुती, नाकातली चमकी, सगळं लख्ख. मागे नुसतं सोनेरी धुकं.

"माझे बोंबील कुठं गेले?"

"ते मुद्दाम पुसट केलेत. म्हणजे लक्ष तुमच्याकडे जातं."

"सकाळपासून घातलेत ते दिसतच नाय," त्या म्हणाल्या. "मग मी हितं उभी राहून काय करतेय?"

भावोजींना हसू आवरेना. मीही हसले. फोटोतलं त्यांना काय कळणार, असं मला तेव्हा वाटलं होतं. लिहिते आहे तर तेही लिहायला हवं. निघताना भावोजींनी जवळा घेतला आणि मागच्या सीटवर ठेवला. तिथे माझी एक मोठी, पुठ्ठ्यात बांधलेली प्रिंट होती. जवळ्याचा वास लागेल म्हणून पुढचा सगळा प्रवास मी ती मांडीवर घेऊन केला.

तलासरीच्या पूर्वेला

त्या प्रिंटसाठीच खरं तर मी पुन्हा आले होते.

गेल्या हिवाळ्यात मी आणि आमचे हे या बाजूला आलो होतो. तलासरी तालुक्यात हायवे सोडून पूर्वेला आत गेलं की टेकड्यांच्या कुशीत भाताची खाचरं आणि वर उतारांवर नागली. गावाचं नाव लिहीत नाही, नाहीतर क्लबाची बस तिथे जाऊन उभी राहील. एका अंगणात भाताची झोडणी चालली होती. यजमान सत्तरीचे, देवजीबाबा. पाणी मागितलं, पाणी मिळालं, कोरा चहाही मिळाला. हे गाडीत पेपर वाचत बसले आणि मी तासभर बाबांचे फोटो काढले. त्यातला एक मी निवडला. चेहऱ्यावर कडेने ऊन, पापण्यांवर भाताचा भुसा, मागे हिरव्या रंगाचा मऊ ठिपका. क्लबाच्या वार्षिक प्रदर्शनात त्याला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षक म्हणाले होते की मागच्या त्या हिरव्या रंगाने सगळा फोटो तोलून धरला आहे. ते वाक्य मी किती जणांना ऐकवलं असेल ते विचारू नका.

बाबांना म्हटलं होतं, फोटो पाठवते. पण प्रदर्शनाआधी फोटो कोणाला दाखवायचा नाही, अशी आमच्यात रीत आहे. प्रदर्शन दिवाळीनंतर होतं. म्हणून थांबले.

तिसऱ्या दिवशी आशागडला चहा घेऊन, हायवेने वर येऊन, आम्ही अंगणात गाडी लावली तेव्हा अकरा वाजले होते. बाबा ओट्यावर बसले होते. त्यांनी लगेच ओळखलं.

"आलीस बाय तू? बस."

या भागात लहानथोर सगळे 'तू'च म्हणतात. आमच्याकडे कोणी असं म्हटलं तर भुवया वर जातात. इथे ते ऐकलं की आपण पाहुणे राहत नाही. त्यांची सून सुनंदा पाणी घेऊन आली. मुलगा उंबरगावच्या कारखान्यात पाळीवर गेला होता. मी पुठ्ठा सोडायच्या घाईत होते, त्यामुळे घरात काय बदललंय ते माझ्या लक्षात आलं नाही.

मी प्रिंट ओट्यावर पसरली आणि बाबांच्या तोंडाकडे बघत राहिले. स्वतःला एवढं मोठं, एवढं स्पष्ट पाहून माणूस आधी दचकतो, मग हसतो. ते बघायची मला सवय आहे, आणि आवडही.

बाबांनी स्वतःकडे पाहिलंच नाही. त्यांचं बोट सरळ डाव्या कडेला गेलं, त्या हिरव्या रंगावर.

"लखमी," ते म्हणाले.

सुनंदाने हात पुसले आणि वाकून पाहिलं. "आईच. पदर खोचलाय बघ. अशीच उभी राहायची."

मग मी घरात पाहिलं. समोरच्या भिंतीवर एका बाईंचा हार घातलेला फोटो होता. बाबांची बायको. पावसाळ्यात ताप आला आणि तीन दिवसांत गेली, असं सुनंदाने सांगितलं. मागच्या वेळी मला चहा त्यांनीच दिला होता, आणि त्यांचं नाव मला आज कळत होतं.

मी जवळ जाऊन फोटो पाहिला. आधार कार्डावरून मोठा केलेला. डोळे विस्फारलेले, ओठ आवळलेले, मान आखडलेली.

"बोटं उमटत नव्हती तिची," बाबा मागून म्हणाले. "काम करून झिजली होती. चार वेळा बसवली, चार वेळा उठवली. ती घाबरली. तवाचा हाये तो. पावसापासून रोज तिला घाबरलेली बघतोय." त्यांनी पुन्हा प्रिंटकडे बोट केलं. "हितं हसत होती. तू मला बोलत होतीस हनुवटी वर कर, हनुवटी वर कर, आन ही मागं हसत होती मला. आता हिला जरा पुढं आण."

"पुढं म्हणजे, बाबा?"

"मागं धुक्यात राहिलीय. तुझ्या मशीनमधी साफ असंल ना? ते दे."

त्यांना वाटत होतं की लखमीबाई कॅमेऱ्यात कुठेतरी पूर्ण आहेत आणि कागदावर यायच्या राहिल्या आहेत. मला तो दिवस नीट आठवला. आधी मी पन्नासची लेन्स लावली होती. लखमीबाई सूप घेऊन मध्ये मध्ये येत होत्या. पाच-सहा फोटोंत त्या आल्या होत्या, चांगल्या स्पष्ट. मी त्यांना हाताने खूण करून म्हटलं होतं, "जरा बाजूला व्हा." त्या झाल्या. अंगणाच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. मग मी पंच्याऐंशी लावली आणि त्या जिथे उभ्या होत्या तिथला हिरवा रंग छान दिसतोय म्हणून तेवढा ठेवला. घरी गेल्यावर आधीचे पाच-सहा फोटो पुसून टाकले. गर्दीचे वाटले म्हणून.

हे मी बाबांना सगळं सांगितलं. हातचं राखून सांगितलं असतं तरी त्यांना कळलं नसतं, पण त्या ओट्यावर मला खोटं बोलवेना. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बाजूला हो बोललीस म्हणून झाली. तिला काय ठावं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

भावोजी म्हणाले, "वहिनी, हल्ली पुसट चेहरा स्पष्ट करून देणारी ॲप असतात. बघू का?" मला ते पटत नव्हतं, पण नको म्हणायला तोंड नव्हतं. त्यांनी प्रिंटवरचा तो हिरवा भाग फोनने टिपला आणि रेंज मिळेना म्हणून ते बांधावर जाऊन उभे राहिले. दहा मिनिटांनी फोन घेऊन आले. फोनवर एक बाई होती. एकदम स्पष्ट. हिरवं लुगडं, सरळ दात, गुळगुळीत गाल, हसरी.

बाबांनी फोन हातात घेऊन बराच वेळ पाहिलं.

"ही कोण?"

सुनंदा म्हणाली, "आई नाय ही." भावोजींनी फोन परत घेतला आणि तो फोटो आमच्यासमोर पुसून टाकला.

मग बाबांनी ठरवलं, हाच कागद भिंतीवर लावायचा, जसा आहे तसा. पण सुनंदाने मान हलवली.

"बाबा, तू पण हायेस त्यात. जित्या माणसाच्या फोटोला हार नाय घालायचा."

आमच्याकडेही हेच. हे मात्र नाशिक काय आणि तलासरी काय, सारखंच.

"मग मला काप," ते म्हणाले.

मी घाईघाईने म्हटलं, "बाबा, कापायची गरज नाही. माझ्याकडे फाइल आहे. नाशिकला गेले की फक्त त्यांचा तेवढा भाग मोठा करून पाठवते."

"तू मागच्या टायमाला पण पाठवते बोललीस, बाय," बाबा म्हणाले. "ती इचारायची. आला काय फोटू, आला काय."

त्यानंतर मी त्यांना कसलंही वचन दिलं नाही. फोटो काढल्यावर लगेच पाठवला असता तर लखमीबाईंनी तो पाहिला असता. त्या हिरव्या रंगात त्यांनी स्वतःला ओळखलं असतं की नाही, ते आता मला कधीच कळणार नाही.

तलासरी

बाबांनी भिंतीवरचा फोटो उतरवला, हार काढून ओट्यावर ठेवला आणि फ्रेम काखेत धरून ते गाडीत पुढे बसले. मागे मी आणि सुनंदा, मध्ये जवळ्याची पिशवी. हायवेजवळ बाजारात एक फोटो मढवून देणारं दुकान आहे. आत लग्नाच्या जोडप्यांचे, देवांचे आणि हार घातलेल्या माणसांचे फोटो एकाच भिंतीवर.

दुकानदाराने माझी प्रिंट उजेडात धरली.

"आटलो सरस फोटो कापवानो?" एवढा छान फोटो कापायचा, असं त्याने आधी मला गुजरातीत विचारलं, मग मराठीत बाबांना म्हणाला, "काका, तुमचा चेहरा किती साफ आलाय. मागचं तर हललेलं आहे."

"मागचंच पायजे," बाबा म्हणाले.

त्याने माझ्याकडे पाहिलं. फोटो कोणी काढला हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मी काढलाय म्हणायची मला इच्छा झाली नाही. सुनंदाने जुन्या फ्रेममधून आधार कार्डावरचा फोटो काढला. बाबा म्हणाले, "कागदपत्रांत ठेव. फाडू नको." तिने तो न मुडपता पदराखाली धरला.

दुकानदाराने पट्टी ठेवली, पण हात थांबला. फोटोत लखमीबाई बाबांच्या अगदी मागे आल्या होत्या. त्यांचा डावा हात बाबांच्या दंडाआड गेला होता. सरळ कापलं तर एक तर त्यांचा हात जायचा, नाहीतर बाबांच्या सदऱ्याची बाही फोटोत राहायची.

"कुठून कापू, काका?"

बाबांनी बोट ठेवलं. बाही आत राहील असं.

"बाबा, ती तुझी बाही हाये," सुनंदा हळूच म्हणाली. "हार घालायचाय."

बाबा वाकले. डोळे बारीक करून त्यांनी बाहीवर नखाने एक जागा दाखवली. तिथे सदरा फाटलेला होता आणि आडव्या टाक्यांनी शिवलेला होता. जाड, पांढऱ्या दोऱ्याचे नऊ-दहा टाके. माझ्या लेन्सने त्यातला एकेक टाका उचलला होता, आणि मी वर्षभर हा फोटो बघून ते कधी पाहिले नव्हते.

"हे तिनं घातलेत," ते म्हणाले. "आदल्या दिवशी. राहू दे तेवढं."

दुकानदाराने पट्टी सरकवून बाहीच्या कडेला लावली, पातं उघडलं आणि म्हणाला, "कोणीतरी धरा, हलायला नको."

मी पुढे झाले आणि कागदाची दुसरी बाजू दोन्ही हातांनी दाबून धरली.